डाग कुणाच्या बाजूला

काच कापायच्या टेबलावर जेवायचं नाही, हा आबांचा नियम. भांडायचं मात्र त्याच टेबलावर.

आबा जाऊन कैक वर्षं लोटली, पण घरात मोठा वाद निघाला की सगळे अजूनही मुकाट्याने जिना उतरून खाली दुकानात येत आणि त्या लांबरुंद टेबलाभोवती बसत. त्यामागे आबांचा साधा विचार होता. टेबलावरचं जाड कापड कितीही झटकलं तरी काचेचे बारीक कण त्यात राहतातच, आणि असल्या टेबलावर मूठ आपटायची कोणाची छाती होत नाही. त्यामुळे या घरात आवाज चढले, तोंडं फुगली, माणसं दिवसचे दिवस एकमेकांशी बोलली नाहीत, पण टेबल कधी कोणी ठोकलं नव्हतं. याचाही घराला अभिमान होता. अभिमान बाळगायला या घराला निमित्त फारसं लागायचं नाही.

रविवारी दुपारी आत्याने शटर अर्ध्यावर ओढलं, फुटपट्ट्या आणि पुट्टीचा डबा उचलून फळीवर ठेवला, काच कापायची हिरकणी मात्र सवयीने एप्रनच्या खिशात टाकली आणि आपल्या नेहमीच्या स्टुलावर बसली. हिरकणी आबांची होती, आता तिची. आबांना एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाने खिडक्या बसवाव्यात आणि मुलीने संसार मांडावा, असं आबांच्या मनात होतं. मुलीने मुलाच्या वाट्याचं काम उचललं आणि स्वतःच्या वाट्याचं नावही काढलं नाही. "एवढ्या खिडक्या बसवायच्यात, त्यात नवरा कुठे बसवू," असं ती तरुणपणी म्हणायची. साठी ओलांडल्यावर लग्नाचं कोणी विचारेनासं झालं आणि तो विनोद वाया गेला. गल्लीत सगळे तिला आत्याच म्हणत, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा.

तिच्या समोर सूनबाई येऊन बसली. सूनबाई म्हणजे भाच्याची बायको. ती शहराची बस चालवायची आणि आजही सकाळची पाळी संपवून गणवेशाच्या शर्टातच आली होती. दोघींच्या मध्ये, टेबलाच्या एका टोकाला, भाचा बसला. त्याला लहानपणापासून सगळे लंबूच म्हणत, आणि शिडीच्या वरच्या पायरीची त्याला कधी गरज पडली नव्हती. दुसऱ्या टोकाला त्याचे आईवडील, म्हणजे आत्याचा थोरला भाऊ दादा आणि वहिनी. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून दादा शिडी चढत नव्हता, बसल्या जागी आरशांना चौकटी ठोकायचा. वहिनीने लग्न होऊन आल्यापासून काचेला हात लावला नव्हता. "माझ्या वाट्याला काचवाल्यांची धुणी तेवढी आली, खिशातल्या तुकड्यांसकट," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं.

विषय आदल्या दिवशी जेवताना निघाला होता. एका तळ्याकाठच्या लहान गावात नवी शाळा बांधून होत होती, सगळे वर्ग तळ्याकडे तोंड करून, भिंतीपेक्षा काच जास्त. ते काम लंबूला मिळालं होतं. गावात दुसरा काचवाला नव्हता, त्यामुळे पुढचंही काम त्याचंच होतं. "आम्ही तिघं जायचं म्हणतोय," सूनबाई आपल्या मुलीच्या, भिंगरीच्या, ताटाकडे बघत म्हणाली होती. "कायमचं."

आत्याचा घास तोंडातच राहिला. तिचा उजवा खांदा आता वर जात नव्हता. मोठी काच उचलायला दोन माणसं लागतात. या दुकानात उचलणारा खरा लंबूच, दुसरं टोक आत्या डाव्या हाताने कसंबसं सावरायची. तो गेला की हे शटर एकदा खाली येणार ते पुन्हा वर जायचं नाही, एवढं तिला न सांगता कळत होतं. रात्री ती अंथरुणावर पडून जे जे बोलायचं ते मनात घोळवत राहिली होती, आणि आता तिला ते सगळं पाठ होतं.

"चला," दादा म्हणाला. "आधी आपापली बाजू. मग आतून-बाहेरून."

आतून-बाहेरून ही आबांनी घालून दिलेली दुसरी शिस्त. काच बसवून झाली की पुसायला दोघं लागतात, एक आतून, एक बाहेरून. डाग दोघांनाही दिसतो, पण तो कुठल्या अंगाला आहे ते कळत नाही. आतला बोट दाखवून म्हणतो, तुझ्या बाजूला. बाहेरचा म्हणतो, तुझ्या. दोघंही आपापल्या जागी घासत बसतात आणि डाग जिथल्या तिथे. मग जागा बदलायची. आबांनी हेच घरच्या भांडणांना लावलं. आधी आपलं म्हणणं मांडायचं, मग उठून समोरच्याच्या स्टुलावर बसायचं आणि त्याचं म्हणणं त्याच्या तोंडाने मांडायचं. 'तो म्हणतो' असं नाही, 'मी म्हणतो' असं. चालढकल केली तर पुन्हा पहिल्यापासून. शेवटी ज्याला पटेल त्याने म्हणायचं, डाग माझ्या बाजूला, आणि म्हणणाऱ्याला पुढे जन्मात कोणी टोमणा मारायचा नाही. दादाने हे वाक्य इतक्यांदा म्हटलं होतं की वहिनीच्या मते त्याला झोपेतून उठवलं तरी तो हेच म्हणाला असता. आत्याने ते एकदाही म्हटलेलं नव्हतं. हा तिचा खासगी अभिमान होता आणि तो सगळ्यांना ठाऊक होता.

"मला फार बोलता येत नाही," सूनबाईने सुरुवात केली. "दिवसभर स्टीअरिंगवर असते, तोंड बंद ठेवायची सवय आहे. माझं एवढंच म्हणणं आहे, हे शहर राहायला चांगलं नाही. कामाला चांगलं असेल, बघायला चांगलं असेल. राहायला नाही."

"एवढी माणसं राहतायत की," आत्या म्हणाली.

"मध्ये बोलायचं नाही," दादा म्हणाला.

"राहत नाहीत, आत्या. थांबतात. मी रोज बघते ना. थांब्यावर थांबतात, सिग्नलला थांबतात, आणि रविवारी जरा बरं वाटेल म्हणून आठवडाभर थांबतात. तेही एक वेळ चाललं असतं. पण भिंगरीचा खोकला मागच्या थंडीपासून जात नाही. डॉक्टर म्हणतात, हवा बदला. हवा काय पडदा आहे, काढला आणि दुसरा लावला? मी गाडी डेपोत लावून तोंड पुसते तेव्हा रुमाल काळा होतो. माझा रुमाल काळा, मग तिच्या छातीत काय असेल? आणि वर आपल्या खोल्या. खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची भिंत. हात लांब केला तर शिवते. बास. संपलं माझं."

तेवढ्यात वरच्या खोलीत भिंगरी खोकली, कोणी बोलावून साक्षीला उभी केल्यासारखी. सगळ्यांनी छताकडे बघितलं. वहिनीने स्टूल सूनबाईच्या बाजूला जरासं सरकवलं, आणि ते आत्याच्या नजरेतून सुटलं नाही.

आता पाळी आत्याची होती. ती उभी राहिली. उभं राहून बोलायचा नियम नव्हता, पण बसून बोलण्यासारखा हा विषयही नव्हता.

"लोक रस्त्याने चालताना खाली बघतात, खड्डे चुकवायला," ती म्हणाली. "मी वर बघते. या शहरात मी अशा एकाही रस्त्याने जाऊ शकत नाही, जिथे वर बघितल्यावर ओळखीचं कोणी दिसत नाही. मोठा दवाखाना आपला. वाचनालयाचा घुमट आपला. कोपऱ्यावरच्या बेकरीची ती वळवलेली काच, तिला तर तीन कारखान्यांनी नाही म्हटलं होतं. पुट्टी ओली असताना आबा खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबायचे. मग दादाने दाबला, मी दाबला, या लंबूने दाबला. वरून रंग बसतो, दिसत नाही, पण बोट फिरवलं की लागतो. त्या वादळानंतर काय झालं ते तू पाहिलं नाहीस, सूनबाई. अख्खं शहर उघडं पडलं होतं. एका खिडकीला काच राहिली नव्हती, दिवा लावला की वारा विझवायचा. आबा, दादा आणि मी. मी तर परकरातली पोर. ज्या गल्लीत आम्ही काच बसवत जायचो त्या गल्लीत संध्याकाळी दिवे टिकायचे. आम्ही एकेक गल्ली पेटवत गेलो. शेवटच्या दिवशी आबांनी आम्हाला टेकाडावर नेलं आणि म्हणाले, बघा, हे आपण लावलंय. लोकांना शहर राहायला मिळतं. आपल्याला ते बसवायला मिळालं. ते सोडून त्या तळ्याकाठी कशाला जायचं, बेडकं मोजायला?"

दादाचे डोळे भरून आले होते. टेकाडाची आठवण निघाली की ते भरून यायचेच, त्यात विशेष काही नव्हतं. पण आत्याने आपला हुकमाचा पत्ता अजून राखून ठेवला होता.

"आणि भिंतीचं म्हणशील तर, आकाश नाही म्हणून रडत बसणाऱ्यांतले आपण आहोत का? आकाश मी घरात आणलं."

हे ऐकताच सगळ्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं, कारण पुढची गोष्ट घरातली सगळ्यांत लाडकी होती. भिंगरी जन्मली तेव्हा आत्याने वरच्या खिडकीबाहेर बिजागरीवर एक मोठा आरसा बसवला होता, असा तिरपा की गल्लीचं तोंड, त्यापलीकडचं मोकळं मैदान आणि त्यावरचं आकाश थेट खोलीत यावं. भिंगरी त्या आरशात पाखरं बघत मोठी झाली. शाळेत चित्र काढताना तिने चंद्रकोर उलटी काढली, आरशात दिसते तशी, टोकं भलत्या दिशेला. बाईंनी त्यावर फुली मारली. दुसऱ्या दिवशी आत्या एप्रनसकट शाळेत हजर.

"मी बाईंना म्हटलं," आत्या रंगात येऊन सांगत होती, "पोरीने डोळ्यांना दिसलं ते काढलं. तुम्ही पुस्तकात बघून शिकवता, ती आकाशात बघून काढते. कोणाला फुली मारायची ते तुम्हीच ठरवा. बाईंनी फुली खोडली आणि वर चांदणी दिली. चांदणी."

दादा खो खो हसला. लंबू हसला. वहिनीने स्टूल पुन्हा होतं तिथे आणलं. सूनबाईसुद्धा, स्वतःच्या बाजूचं नुकसान करून, गालात हसली. आत्या खाली बसली तेव्हा आपण जिंकलोय याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

"जागा बदला," दादा म्हणाला.

टेबल आणि काचांची घडवंची यांच्यात एकाच माणसापुरती वाट होती. दोघी अंग चोरून एकमेकींना ओलांडून गेल्या, आणि जाताना सवयीने दोघींनीही कोपर आत घेतलं. सूनबाईचं स्टूल अजून गरम होतं. या बाजूने दुकान जरा परकं दिसत होतं.

"मी आत्या," सूनबाई आत्याच्या स्टुलावर बसून म्हणाली आणि लाजली. मग तिने मान हलवली. "नाही, मला वादळाचं वगैरे बोलता यायचं नाही. शहराची बाजू मला माझ्यासारखीच मांडता येईल. चालेल?"

"बाजू पुरी मांडलीस तर चालेल," दादा म्हणाला.

"हे शहर राहायला चांगलं आहे," ती म्हणाली. "मी जिथे वाढले ते गाव लहान होतं. तिथे सगळे मला ओळखायचे. चप्पल तुटली तर मी घरी पोचायच्या आत आईला कळलेलं असायचं. मला मोठी गाडी चालवायची आहे, हे मी तिथे कोणाला सांगितलंच नाही, कारण काय उत्तर येणार ते मला पाठ होतं. लग्न होऊन इथे आले, तर मला कोणी ओळखेना. महिनाभर मी त्याचं रडले. मग एके दिवशी लक्षात आलं, ओळखत नाहीत तर नावंही कोण ठेवणार? उठले आणि डेपोत जाऊन विचारलं, बाई चालेल का? तिथला माणूस चहा पीत होता. मान वर न करता म्हणाला, बस वळवता आली तर कोणीही चालेल."

लंबू हसला. ही गोष्ट त्याला माहीत होती. पुढची नव्हती.

"सुरुवातीला लोक दारातून मला बघायचे आणि मागे दुसरी बस येतेय का ते बघायचे. पण कामावर जायची घाई असते ना. चढायला लागले. आता काय करतात सांगू? झोपतात. पहिल्या बसला रात्रपाळीच्या नर्सेस असतात, गोदामातली माणसं असतात, झाडूवाल्या बाया असतात. सगळी बस मान टाकून झोपलेली. मी वळण असं घेते की कोणाची मान घसरता कामा नये. ना त्यांना माझं नाव माहीत, ना मला त्यांचं, आणि जीव माझ्या हातात टाकून झोपतात. माझ्या गावात मला पाळण्यापासून ओळखणारं एक माणूस तरी माझ्या मागे असं झोपलं असतं का?"

तिने शर्टाची बाही नीट केली. "आणि मोठ्या दवाखान्याच्या वळणावर उजाडतं. त्या सगळ्या खिडक्या एकदम पेटतात, गॉगल चढवावा लागतो. मी रोज मनात म्हणते, आमच्या घरची काच. एकदा मोठ्याने बोलून गेले. पुढच्या सीटवरची नर्स जागी झाली, म्हणाली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, झोपा तुम्ही. आमच्या घरची काच आहे ती."

आत्याचा ऊर असा भरून आला की तिला एप्रनची गाठ सैल करावीशी वाटली. या मुलीला घरात येऊन इतकी वर्षं झाली, आणि ती रोज सकाळी आपल्या काचेला नमस्कार घालून जाते हे आत्याला आज कळत होतं.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," लंबू म्हणाला.

"तू मला कधी या स्टुलावर बसवलं नाहीस," सूनबाई म्हणाली. तिचा आवाज मात्र विनोदाचा नव्हता.

"वन्सं, बाजू पुरी झाली का?" वहिनीने नाक पुसत विचारलं.

"पुरी?" आत्या म्हणाली. "मला इतकी चांगली जमली नाही."

आता राहिली आत्या. ती या कामात तरबेज होती. दुसऱ्याची बाजू ती अशी मांडायची की समोरचा खूश व्हायचा आणि तरीही हरायचा. तिने घसा साफ केला आणि झोकात सुरुवात केली.

"मी सूनबाई. माझी मुलगी खोकते. तुमची गल्ली, तुमचा दवाखाना, तुमचं वादळ, सगळं मोठं असेल, पण ते रात्री तिच्या उशाशी बसायला येत नाही. मी बसते." सूनबाईने मान वर केली. आत्याला बरं वाटलं. नेम बरोबर लागत होता. "माझ्या खिडकीसमोर भिंत आहे. या घरातली माणसं सगळ्या शहराला उजेड देतात आणि माझ्या खिडकीत भिंत. तर आत्यांनी तिथे आरसा बसवला. छान बसवला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी मुलगी त्या आरशात बघून मोठी झाली. शाळेत तिने चंद्रकोर उलटी काढली. बाईंनी फुली मारली आणि..."

आणि आत्या थांबली.

इथे नेहमी हशा यायचा. इथे ती एप्रनसकट शाळेत शिरायची. पण या स्टुलावरून शाळेत जाणारी ती नव्हती. या स्टुलावर बसलेल्या बाईला त्या गोष्टीत पुढे काय दिसत असेल, हे शोधायला ती क्षणभर थांबली, आणि तिला ते दिसलं. इतकी वर्षं ही गोष्ट ती स्वतः सांगत होती, पाहुण्यांना, गिऱ्हाइकांना, बसमधल्या अनोळखी माणसांना, आणि ते तिला कधीच दिसलं नव्हतं.

"आणि बाईंचं बरोबर होतं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "माझ्या मुलीने सरळ चंद्र बघितलेलाच नव्हता."

"आत्या, पुरे," सूनबाई हळू म्हणाली.

"मध्ये बोलायचं नाही." आत्याने हात टेबलावर ठेवले, उपडे, जपून. "माझ्या मुलीला आकाश मिळालं ते उसनं. कारण आम्हाला या गल्लीतून हलायचं नव्हतं. आम्हाला म्हणजे... आत्यांना. आणि मला हे शहर आवडत नाही म्हणून मी निघाले नाही. मला आवडतं. मी त्याच्या काचांशी बोलते. तरी निघालेय. आवडत नाही म्हणून कोणीही जाईल. संपलं."

वरती भिंगरीचं पाऊल वाजलं आणि थांबलं. बाहेर, अर्ध्या शटरखालून, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय तेवढे दिसत होते.

"मला आता जावंसं वाटत नाही," सूनबाई एकाएकी म्हणाली.

"आणि मला वाटतं तुम्ही गेलंच पाहिजे," आत्या म्हणाली.

"तिची आपण इथेच काळजी घेऊ. दुसरे डॉक्टर बघू."

"हवा काय पडदा आहे?"

"आत्या, ते माझं वाक्य आहे."

"आता माझं आहे. स्टूल माझं, वाक्य माझं."

"पुन्हा जागा बदलायच्या की काय," दादा हताशपणे म्हणाला. "उद्या दुकान उघडायचंय."

"दोघी दोन्हीकडून घासताय," लंबू म्हणाला, "आणि मध्ये काच मी. मला कोणी विचारणार आहे का?"

सगळे त्याच्याकडे वळले. खरंच कोणी विचारलं नव्हतं. उंच माणसाचं म्हणणं सगळ्यांना दिसतच असेल असं घरात धरून चालत असावेत.

"मला जायचंय," तो म्हणाला. "त्या शाळेच्या काचा मी नकाशात बघितल्यात. अख्खी भिंत. आबांना तसलं काम मिळालं नाही. पण मी गेलो तर इथे दुसरं टोक कोण धरणार? तेवढ्यासाठी गप्प होतो. आत्याला सांगायला तोंड होईना, म्हणून ही बोलली."

म्हणजे वाद एकट्या सूनबाईचा नव्हताच. नवऱ्याचं म्हणणं तिने आपल्या अंगावर घेतलं होतं आणि आत्याचा राग झेलायला समोर बसली होती. आत्याला तिचं कौतुक वाटलं, आणि भाच्याचा कान पिळावासा वाटला. पण कान हाताच्या टप्प्याबाहेर होता.

"मी धरेन," वहिनी म्हणाली.

"काय धरशील?" दादाने विचारलं.

"दुसरं टोक. अहो, असं बघताय काय? इतकी वर्षं खिशातले तुकडे वेचले, आता अख्खी काच धरून बघते. हे बसून कापतील, वन्सं सांगतील, मी उचलेन. दवाखान्याएवढी नाही, पण आपल्या गल्लीपुरती उचलेन. वन्सं, शिकवाल ना?"

आत्याने वहिनीचे हात बघितले. धुण्याने कडक झालेले, रुंद, पकडीचे हात. आत्याचा खांदा गेल्यापासून ते रोज ताट वाढताना तिच्या समोर येत होते आणि ते काय कामाचे आहेत हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"हातमोजे घालावे लागतील," ती म्हणाली. "आणि बोलायचं नाही, उचलताना."

"तेवढं जड जाईल," दादा म्हणाला.

"तिथे बस एकच आहे," लंबू बायकोला म्हणाला. "तळ्याकाठून शहरापर्यंत येते, दिवसातून एकदा."

सूनबाईने जरा विचार केला. "मग ती मी चालवीन."

"लहान गाव आहे. सगळे ओळखतील."

"ओळखू देत. मी त्यांनाही झोपवून दाखवीन," ती म्हणाली, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा स्टुलावर पाठ ताठ करून बसली.

दादाने आत्याकडे बघितलं. नियमाप्रमाणे आता एकच गोष्ट राहिली होती, आणि ती व्हावी की न व्हावी हे त्याला कळत नसावं. आत्याने एप्रनच्या खिशातली हिरकणी चाचपली. तिने हरलेल्या माणसासारखं नाही, तर मोठं काम हातावेगळं करून शिडीवरून उतरणाऱ्या माणसासारखं सांगितलं.

"डाग माझ्या बाजूला."

वहिनीने तोंड उघडलं. दादाने डोळे वटारले. वहिनीने तोंड मिटलं. सूनबाई उठून टेबलाला वळसा घालून आली आणि आत्याच्या दुखऱ्या खांद्याला धक्का लागू न देता तिच्या शेजारी उभी राहिली, आणि मग तिथेच उभी राहिली.

संध्याकाळी आत्या वर गेली तेव्हा भिंगरी खिडकीपाशी उशी घेऊन बसली होती. आरशात गल्लीचं तोंड तांबूस झालं होतं, दिवे लागत होते, आणि मैदानावर नेमकी चंद्रकोर आली होती, बारीक, टोकं भलतीकडे.

"मी जिन्यावर बसून सगळं ऐकलं," भिंगरी म्हणाली.

"मला माहीत आहे. पाऊल वाजलं तुझं."

"तिथे चंद्र कसा दिसतो?"

"सरळ. सगळ्यांना दिसतो तसा."

भिंगरीने हात लांब करून आरशाच्या खालच्या कोपऱ्यातल्या वाळलेल्या पुट्टीवर बोट फिरवलं. तिथे आत्याचा अंगठा होता. त्यात तिने आपला बसवून बघितला. तो फार लहान होता.

"मग हा?" तिने विचारलं.

"हा?" आत्या म्हणाली. "हा आपण बसवलाय."